कँडीला बाजू बदलायची

माझ्या बापाने आयुष्यात एकच भांडण तीस वर्षं चालवलं, आणि तेही अशा माणसाशी, जो वर्षाच्या आत बदली होऊन निघून गेला होता.

बा घाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग ठेसनावर सांधेवाला होता. कर्जतहून चढलेली गाडी तिथे येऊन थांबायचीच, कारण पुढे रूळ नव्हते, नुसता कडा होता. मग इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं, बाने सांधा फिरवायचा, आणि गाडी शेपटाकडून निघून दुसऱ्या रुळाने खंडाळ्याकडे चढायची. एकदा तिथे एक गोरा ड्रायव्हर आला. तो आधी लंकेच्या रेल्वेत होता. चहा पिता पिता तो बाला म्हणाला, तुमचा हा घाट आमच्या कँडीच्या घाटापुढे पोरखेळ आहे. साहेबापुढे कोण बोलणार? पण घरी येऊन बा माझ्या आयला म्हणाला, "बगून आल्याबिगर मी मान्य करनार नाय." पुढे रिव्हर्सिंग बंद झालं, नवीन रूळ पडले, घाटात विजेची इंजिनं आली, बा कर्जतच्या यार्डात आला आणि तिथूनच रिटायर झाला. भांडण मात्र चालूच होतं. कुणी घाटाची तारीफ केली की बा म्हणायचा, "हाय चांगला. पन कँडीचा बगायचा हाय अजून."

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळायला लागला. मी त्याला मुंबईला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. डावा गेलाच. उजवा वर्षभर चालेल, फार तर दीड. औषधाने थोडं लांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. बाने सगळं नीट ऐकून घेतलं. बाहेर बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "म्हंजे कँडीचा घाट र्‍हायला."

मी म्हणाले, "राहत नाही. जायचं."

माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. एकदा तोंडातून शब्द गेला की तो खरा करून दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. याच स्वभावापायी माझं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं होतं आणि याच स्वभावाच्या जोरावर मी फायनल पास होऊन खालापूरच्या मुलींच्या शाळेत बाई झाले होते. चौथीच्या मुलींना मी फळ्यावर लंकेचा नकाशा काढून दाखवायचे. आंब्याच्या कोयीसारखा आकार, चारी बाजूंनी समुद्र, मधोमध डोंगर. स्वतः मी पुण्यापलीकडे गेले नव्हते. तेव्हा खरं सांगायचं तर त्या बाकावर मी बासाठी बोलले तशी थोडी माझ्यासाठीही बोलले.

घरी आयने पहिला टोला हाणला. "रामाची बायको व्हती तिकडं म्हनून त्यो ग्येला. तुमचं कोन हाय लंकेत?" बा हसला. आय पुढे म्हणाली, "लंकेत सोन्याच्या विटा, पन आपल्याला काय त्याचं?" तरी दुसऱ्या दिवशीपासून ती शेजारणींना सांगत सुटली की आमची माणसं समुद्रापार जाणार. तिला स्वतःला यायचं नव्हतं. दोन म्हशी आणि भाताची झोडणी टाकून ती माहेरीसुद्धा जात नसे.

आता हे ठरवायचं कसं, हा प्रश्न होता. लंकेपर्यंत पोचणं अवघड नव्हतं. मद्रासपर्यंत मेल, पुढे धनुष्कोडी, मग आगबोट. तो रस्ता हजारो माणसं जात होती. अवघड होतं ते बाच्या डोळ्याचं गणित. त्याला भर उजेडात दिसायचं. दिवस कलला की त्याच्यापुढे करडा पडदा यायचा आणि दिवेलागणीनंतर तर हात धरून न्यावं लागे. म्हणजे घाटाची चढण दिवसा, आणि तीही चांगल्या उन्हात यायला हवी. दुसरं म्हणजे खिडकी. घाटातल्या गाडीला एका बाजूला दरी असते आणि दुसऱ्या बाजूला कातळ. चुकीच्या बाजूला बसलं तर चार तास भिंत बघत जायचं. कर्जतच्या पोराटोरांनाही हे कळतं. तिसऱ्या वर्गात एकदा जागा धरली की ती बदलून कोण देतं? तेव्हा गाडी कोणती, किती वाजताची आणि खिडकी कुठल्या हाताची, हे इथे कर्जतला बसूनच पक्कं व्हायला हवं होतं. ह्या खेपेला चुकलं तर दुसरी खेप नव्हती.

लंकेचं टाइमटेबल आणलं ते रेल्वेच्या माणसांनी. त्यांची एक रीत होती. कुठलीही वस्तू लांब पाठवायची असली तर ती गार्डाच्या हाती द्यायची, त्याने आपल्या हद्दीच्या टोकाला पुढच्या गार्डाला द्यायची. माहेरचं लोणचं, बाळंतिणीचा डिंक, सोयरिकीची पत्रिका, सगळं असंच जायचं. बाने कर्जतला एका गार्डाला नुसता निरोप सांगितला: लंकेच्या गाड्यांचं पुस्तक पायजे. निरोप पुण्याला गेला, तिथून रायचूरला आणि तिथे आमच्या रेल्वे कंपनीची हद्द संपली तरी निरोप संपला नाही. अडीच महिन्यांनी एका दुपारी एक गार्ड आमच्या गावच्या वाटेने चालत आला आणि त्याने बाच्या हातात तेलकट पुस्तक ठेवलं. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने सहा-सात जणांच्या सह्या होत्या, काही तमिळ अक्षरांत. ज्याच्या ज्याच्या हातून गेलं त्याने आपली खूण ठेवली होती. एवढ्या माणसांनी, ज्यांनी बाला कधी पाहिलंही नव्हतं, हे पुस्तक सांभाळून आणलं. आजही मला त्याचा अभिमान वाटतो. बाने ते पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं. मी ते काढून घेतलं, कारण देव्हाऱ्यात ठेवून गाडी सापडत नाही.

मला इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं जुळवून ठेसनांची नावं वाचता यायची आणि आकडे तर सगळीकडे सारखेच. जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या कोऱ्या बाजू चिकटवून मी एक लांबलचक पट्टी केली, आमच्या ओटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल अशी. तिच्यावर कर्जतपासून ठेसनं मांडली आणि प्रत्येकापुढे वेळ लिहिली. उजेडाचे तास हळदीच्या पाण्याने पिवळे केले, काळोखाचे कोळशाने काळे. आय म्हणाली, "पापड रंगवती का काय?" पण ती पट्टी बघितली की कुणालाही, अक्षरओळख नसलेल्यालासुद्धा, कळायचं की बाला कुठे दिसणार आणि कुठे नाही.

पट्टीवरून पहिली गोष्ट कळली ती ही की आगबोटीवरून उतरलं की मिळणारी गाडी रात्रभर चालते आणि सकाळी कोलंबोला पोचवते. म्हणजे ती नुसती पोचायची गाडी. कोलंबोत एक दिवस बाला विश्रांती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची डोंगरातली गाडी पकडायची. ती कँडीला जायची, तिथे बराच वेळ थांबायची आणि पुढे चहाच्या डोंगरात नानुओयापर्यंत चढायची. माझ्या पट्टीवर ती अख्खी पिवळीधमक दिसत होती. मला एवढा आनंद झाला की मी त्या दिवशी शाळेत कुणालाही छडी मारली नाही.

आता खिडकी. खालापूरजवळच्या एका गावचा गडी पलटणीतून सुटून आला होता. लढाईतली दोन वर्षं त्याने लंकेत काढली होती. मी त्याला शाळेच्या ओसरीवर बसवलं आणि खडूने फरशीवर गाडी काढून दिली. "इंजिन इकडे. आपण चढतोय. दरी कुठल्या हाताला?"

त्याने डोळे मिटले, हात हलवून बघितले आणि म्हणाला, "उजव्या, बाई."

"कुठपर्यंत?"

"पार वरपत्तोर. डाव्या हाताला नुसता कातळ आन चहाची मुळं."

मी पट्टीवर कोलंबोपासून नानुओयापर्यंत एक लाल रेघ ओढली आणि खाली लिहिलं: उजवी खिडकी, उठायचं नाही.

मधल्या काळात आम्ही तालीम केली. रविवारी बाला घेऊन मी कर्जतहून खंडाळ्यापर्यंत जायचे, कधी सकाळच्या गाडीने, कधी दुपारच्या. खिडकीशी बसवून त्याला विचारायचे, आता काय दिसतं? नऊच्या आधी त्याला धुरकट दिसायचं. नऊ ते तीन तो मला खालच्या खाचरातली माणसंसुद्धा मोजून दाखवायचा. ऊन समोरून डोळ्यात आलं की मात्र सगळं पांढरं व्हायचं, म्हणून आयने त्याच्या टोपीला पुढून काळ्या फडक्याची झालर शिवून दिली. त्यात तो लग्नातल्या मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यासारखा दिसायचा. सगळ्यात गंमत अशी की जन्म घाटात काढलेला हा माणूस प्रवासी म्हणून खिडकीत कधी बसलाच नव्हता. दरी राहिली बाजूला, त्याचं लक्ष सगळं रुळांवर. "ह्यो सांधा खडखडतोय. तेल नाय घातलंय कुनी." मी चिडायचे. "बा, रूळ बघायला आपण लंकेला चाललोय का?" तो दोन मिनिटं दरीकडे बघायचा आणि परत खाली.

निघायला तीन आठवडे उरले, तेव्हा एका रविवारी मी पट्टी ओटीवर पसरली आणि बाला सगळी वाचून दाखवायला बसले. तो भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. कोलंबोची गाडी आली. मी नावं वाचत गेले, वेळा सांगत गेले. पेरादेनिया, मग कँडी. तिथला थांबा. मग पुढची ठेसनं: पेरादेनिया…

"थांब," बा म्हणाला. "ह्ये मगाशी वाचलंस."

"काय?"

"पेरादेनिया. कँडीच्या आदी वाचलंस. आता कँडीच्या मागनं परत वाचलंस."

मी पुस्तक पाहिलं. खरंच होतं. मी म्हणाले, छापणाऱ्याची चूक असेल. बाने डोळे उघडले. "छापनारा नाय चुकला. तू चुकलीस. ती गाडी कँडीत त्वांड फिरवती गं. पुढं वर चढायला रूळ नाय तिथं. आली त्याच वाटंनं माघारी निघती, पेरादेनियापत्तोर, आन मंग दुसऱ्या रुळानं वर. आपल्या रिवर्सिंगवानी."

"आणि मग?"

"मंग तुजी उजवी खिडकी डावी झाली. आपन कातळ बगत जानार."

मी फार चिडले. कुणावर, ते कळेना. रागाच्या भरात मी पट्टी गुंडाळून ठेवली, जेवले नाही आणि सोमवारी सकाळी खालापूरला पोचल्या पोचल्या त्या पलटणीच्या गड्याला गाठलं. "तुमची गाडी कँडी ठेसनात गेली होती का?" तो म्हणाला, "न्हाई बाई. आमची पलटनीची गाडी. ती कँडीला न शिरता थेट वर गेली." त्याची उजवी बाजू त्याच्या गाडीपुरती खरी होती. चूक माझी होती. मी भूगोल शिकवणारी बाई, पण माझ्या डोक्यात लंकेची गाडी कर्जत, खंडाळा, लोणावळा अशी सरळ एका दोऱ्यात ओवलेली. रिव्हर्सिंग बंद झालं तेव्हा मी लहान होते. माझ्या वयाच्या कर्जतकरांना घाटात गाडी तोंड फिरवते हे माहीतच राहिलं नव्हतं. आणि बाने पुस्तक न बघता, ठेसनाचं नाव दोनदा कानावर पडलं एवढ्यावरून, समुद्रापारच्या ठेसनाचे रूळ कसे पडले असतील ते ओळखलं. मी शनिवारी घरी आले तेव्हा त्याच्या पाया पडले. तो म्हणाला, "आता भाकर खा."

लाल रेघ मी कँडीपाशी तोडली आणि तिथून पुढे दुसऱ्या बाजूने ओढली. मधे मोठ्या अक्षरात लिहिलं: कँडीला बाजू बदलायची.

आम्ही पौषात निघालो. आयने तांदळाच्या भाकऱ्या कडक भाजून दिल्या, सुकटीची चटणी दिली आणि फलाटावर शेजारणींसमोर बाला दम दिला, "समुद्राच्या पान्यात हात घालू नगा." गाडीच्या मागे घाट चढायला ढकलणारी इंजिनं लागली, आणि कर्जतच्या यार्डातली जी माणसं त्या वेळी कामावर होती ती सगळी, सांधेवाले, गँगवाले, दिवेवाला, रुळांच्या कडेला उभी राहून हात करत होती. "आबा, नीट बगून या!" मी आयुष्यात बऱ्याच मिरवणुका पाहिल्या, पण असा मान कुणाला मिळालेला मी पाहिला नाही.

रायचूर, मद्रास, धनुष्कोडी. पट्टीप्रमाणे गाड्या मिळत गेल्या. एकच गाडी दीड तास उशिरा आली, तर बा म्हणाला, "पट्टीवर कोळसा लाव." देवीच्या टोचणीचे दाखले दाखवून आम्ही आगबोटीवर चढलो. समुद्र शांत होता. बाने समुद्राकडे पाहून फक्त एवढंच म्हटलं, की एवढं पाणी आणि एकही सांधा नाही.

कोलंबोहून सकाळची गाडी. मी फलाटावर इतकी आधी गेले होते की डब्याचं दार उघडलं तेव्हा दाराशी पहिली मीच होते. उजवी खिडकी, इंजिनाकडे तोंड. बाने झालरीची टोपी घातली. समोरच्या बाजूला, डाव्या खिडकीशी, मुंबईचा एक व्यापारी आपल्या बायकोसह बसला होता. थंड हवेच्या गावी चालला होता. त्याला आमची भाषा कळायची आणि आमची खिडकी त्याला फार आवडली होती. "मावशी, तुमचं नशीब चांगलं," तो मला म्हणाला. मी त्याच्यापेक्षा लहान होते.

माडांची रांग संपली आणि गाडी चढायला लागली. खाली भाताची खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली, आमच्या पायथ्याच्या खाचरांसारखीच, पण पौषातसुद्धा हिरवीगार. बा सरळ बसला. "ह्ये भात हाय?" "भात." "आता? पौषात?" त्याला राहवेना. शेतकऱ्याच्या पोटचा तो. वर्षाचं दुसरं पीक बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. गाडी वर चढली तशी खाचरं खाली खाली गेली, समोर सुळक्यासारखे डोंगर उभे राहिले, आणि बाने रुळांकडे एकदाही पाहिलं नाही.

दुपारच्या आत कँडी आलं. मी पट्टी काढली, बाला उठवलं आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "आपण जागा बदलूया. तुम्ही इथे या, आम्ही तिथे बसतो."

तो हसला. बायकोला म्हणाला, घे, वेडी माणसं चांगली खिडकी सोडतायत. दोघं लगबगीने आमच्या जागेवर गेले. डब्यातले आणखी दोन-चार जण हसले. आमच्या नव्या खिडकीतून तेव्हा ठेसनाची भिंत आणि तिच्यावरचं शेवाळ एवढंच दिसत होतं. बा त्या भिंतीकडे तोंड करून शांत बसला होता. मी मात्र पट्टी पुन्हा उलगडली. छापलेलं पुस्तक, ऐकून ओळखलेले रूळ, आणि मी माझ्या आंधळ्या होत चाललेल्या बापाला उठवून भिंतीपुढे बसवलेलं. ही एकच दुपार होती त्याच्या हातात. चुकलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही.

इंजिन सुटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग गाडीच्या दुसऱ्या टोकाला धक्का बसला आणि बा म्हणाला, "लागलं."

गाडी सुटली ती आमच्या पाठीकडून. व्यापाऱ्याने आधी इकडे पाहिलं, मग तिकडे. पेरादेनिया गेलं. डोंगर जवळ आले. थोड्याच वेळात त्याच्या खिडकीत काळा कातळ आला आणि तो जो आला तो राहिलाच, आणि आमच्या खिडकीखालची जमीन खाली निघून गेली. मी त्या माणसाकडे बघून हसले. चांगल्या माणसाने असं हसू नये हे मला कळतं, पण मी हसले.

तो घाट कसा होता ते मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी पट्टीवर बोट ठेवून ठेसनं मोजत होते, घड्याळ असलेल्या प्रत्येक फलाटावर वेळ तपासत होते आणि उरलेला सगळा वेळ बाचं तोंड बघत होते. ऊन कुठून येतंय, झालर पुरतेय का, त्याला दिसतंय का. एका वळणावर गाडी हळू झाली आणि त्याने माझं मनगट धरलं.

"दिसतंय गं," तो म्हणाला. "सगळं दिसतंय. पानी दिसतंय, बाया दिसतात पाटीवाल्या. पार खालचा रूळ दिसतोय, आपन आलो त्यो."

आणखी चार वळणं गेली. मी विचारलं, "मग? साहेब खरं बोलला का?"

तीस वर्षांचं भांडण असं एका शब्दात सोडता येत नाही. शेवटी तो म्हणाला, "मोटा हाय. आपल्यापरीस मोटा हाय. सायेब खोटा नव्हता." तो हरला होता आणि त्याचं तोंड सणाच्या दिवसासारखं झालं होतं. असा बाप मला मिळाला, जो बघून आल्यावर खरं तेच बोलतो, ह्याचा मला इतका गर्व झाला की मला डब्यातल्या सगळ्यांना ते ओरडून सांगावंसं वाटलं.

अजून दीड-दोन तासांची चढण उरली होती. ऊन चांगलं होतं. पट्टीवर पिवळा रंग नानुओयापर्यंत होता. तेवढ्यात बा उठून उभा राहिला. मला वाटलं त्याला काही हवंय.

"सरक," तो म्हणाला. "तू बस हितं."

"का? तुला दिसेना झालं का?"

"दिसतंय. चांगलं दिसतंय. पन तू काय बगितलंस सकाळपास्नं? कागूद." त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली, तिची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. "मी बगितलं त्ये माज्याबरुबर हाय. पन म्होरल्या साली मला काय दिसायचं नाय. तवा मी इचारीन, पोरी, त्या वळनाला काय व्हतं? कोन सांगनार? बग. चांगलं बग."

मी म्हणाले, "बा, उजेड आहे अजून. तुझी खिडकी आहे ही."

"म्हनूनच," तो म्हणाला.

मी खिडकीत बसले. तो आतल्या बाजूला बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी बघितलं. आधी पाण्यातून बघितल्यासारखं दिसलं, मग डोळे पुसले आणि नीट बघितलं. धबधबे, चहाच्या रांगा, त्यांत पाठीला टोपल्या बांधलेल्या बाया, ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकताना. एकेक गोष्ट मी मनात म्हणून ठेवत गेले. बा अधूनमधून विचारत होता, आता काय आलं? आणि मी सांगत होते.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याचा उजवा डोळाही गेला. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. कर्जतच्या यार्डातली नवी-जुनी माणसं घरी यायची, आबा, लंकेचा घाट कसा हाय ते सांगा म्हणायची. बा त्यांना ओटीवर बसवायचा, आत मला हाक मारायचा आणि त्यांना म्हणायचा, "तिला इचारा. तिनं बगितलाय."